अडीचच्या वर

फणसवाडीतल्या आमच्या घरमालकीणबाई माणसांना नावानं ओळखत नसत, जन्माच्या वेळच्या वजनानं ओळखत. नाक्यावर एक ट्रॅफिक हवालदार उभा असायचा, चाळिशीचा, काठीसारखा, गालफडं बसलेला. बाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना त्याच्यासमोर थांबायच्या आणि विचारायच्या, "काय रे तीन नऊशे, जेवतोस की नाही?" हवालदार तोंडातली शिट्टी काढून खाली मान घालायचा. तीन किलो नऊशे ग्रॅम. त्याच्या आईला गरोदरपणात साखर निघाली होती, म्हणून तो तेवढा भरला होता. हेसुद्धा बाई रस्त्याच्या मधोमध सांगायच्या, मागे टॅक्सीवाले हॉर्न मारत असताना.

गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात त्या लेबर रूमच्या सिस्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, प्रसूतिगृह पाडून तिथे टॉवरही उभा राहिला होता, पण सगळी वाडी त्यांना सिस्टरच म्हणायची. पाठीमागे 'काटा' म्हणायची. कारण नुकतं जन्मलेलं बाळ हातात घेतलं की त्या वजन सांगायच्या, आणि मग बाळ काट्यावर ठेवलं की काटाही तेच सांगायचा. वीसपंचवीस ग्रॅमचा फरक निघालाच, तर त्या काट्याकडे संशयानं बघायच्या.

लग्नाच्या चौकशीला लोक यायचे. वाडीतला मुलगा कसा आहे, घराणं कसं आहे, असं मुलीकडचे विचारायचे. सिस्टर डोळे मिटून आठवायच्या. "मुलगा उत्तम. तीन दोनशे." एवढंच. नोकरी काय करतो, दारू पितो का, यातलं त्यांना काही ठाऊक नसायचं आणि त्याची गरजही वाटायची नाही. मुलीकडचे गोंधळून जिना उतरायचे.

माझं लग्न झालं तेव्हा सासरची खोली लालबागला होती, पण तिथे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं. म्हणून आम्ही सिस्टरांच्या शेजारची त्यांचीच एक खोली भाड्यानं घेतली. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं जन्मवजन किती?"

"माहीत नाही."

"आईला फोन लाव."

आई प्रभादेवीला. मी लाजत फोन लावला. आईनं जरा आठवून सांगितलं, दोन चारशे. सिस्टरांनी मान हलवली. "दोन चारशेच्या मुलीला पुढे बाळंही जरा बारीकच होतात. बघू. अडीचच्या खाली काही मी येऊ देत नाही."

तेव्हा लग्नाला तीन महिने झाले होते. बाळाचा विचारही आमच्या मनात नव्हता. नवरा खोलीच्या छताकडे बघत राहिला.

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एक जुना बाळांचा काटा होता, पांढऱ्या एनॅमलच्या तबकाचा. प्रसूतिगृह बंद होताना त्यांनी तो मागून घेतला होता. त्यावर रवा, कोबी, रद्दी आणि आठवड्यातून एकदा मांजर ठेवायच्या. मांजर चार दोनशे होतं आणि काट्यावर बसल्यावर आपण आजारी असल्यासारखं तोंड करायचं. पण काटा हा फक्त पडताळ्यासाठी. रोज सकाळी आंघोळ झाली की सिस्टर दोन्ही तळहात पसरून उभ्या राहायच्या, घरातली एकेक वस्तू उचलायच्या, आकडा मोठ्यानं बोलायच्या आणि मग वस्तू काट्यावर ठेवायच्या. याला त्या 'हात लावणं' म्हणायच्या, गवई तंबोरा लावतो तसं. आमची भिंत पातळ होती. त्यामुळे माझी सकाळ "डबा, नऊशे दहा... नऊशे दहा. कणीक, एक सहाशे... एक सहाशे" हे ऐकत सुरू व्हायची. रद्दीवाला आमच्या वाडीत शिरेनासा झाला होता. दोनदा त्याच्या तागडीतला गठ्ठा त्यांनी हातात घेऊन आकडा सांगितला, तेवढं त्याला पुरलं.

जगातल्या एकाच माणसाचं जन्मवजन त्यांना माहीत नव्हतं, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं. त्या राजापूरजवळच्या एका गावात घरीच जन्मल्या. तिथे काटा कुठला. त्यांची आई एवढंच सांगायची की तू कोंबडीएवढी होतीस. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी सिस्टर गावी गेल्या आणि पंधरा दिवस राहून गावातल्या कोंबड्या उचलत फिरल्या.

"निष्कर्ष काय निघाला?" मी विचारलं होतं.

"निघाला नाही. गावठी कोंबडी एक दोनशेही असते आणि दोन किलोही असते. आई कुठल्या कोंबडीबद्दल बोलत होती, ते आई गेली तेव्हाच गेलं." हे त्या इतक्या खेदानं म्हणाल्या की मला हसू आवरायला पदर तोंडाशी धरावा लागला.

मला दिवस गेले ते दुसऱ्या वर्षी. जिना चढताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबले, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. संध्याकाळी त्या गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान घेऊन आल्या, ते पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या बाळाचं वजन काढायला बसल्या.

त्यांची पद्धत अशी होती. सुरुवात दोन आठशेपासून. मग आईची उंची, आईचं स्वतःचं जन्मवजन, अंगातलं रक्त, वडिलांची हाडं, पहिलं बाळ की दुसरं, दोन बाळांत अंतर किती, घरात धूर आहे का, आई उभी किती राहते, दुपारी आडवी होते का, मनाला घोर आहे का, या प्रत्येकासाठी अधिक नाहीतर उणे. आकडे त्यांचे स्वतःचे, कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. डॉक्टर ऐकतील तर हसतील, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "हसू देत. डॉक्टर बाळ बाहेर यायच्या वेळी येतात. मी नऊ महिने आधी येते."

"पहिलं बाळ, उणे शंभर," त्या लिहीत होत्या. "दुसरं भरतं जास्त. आता मुलगी असेल तर शंभर कमी, मुलगा असेल तर शंभर जास्त."

नवऱ्यानं सहज विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, मुलगा की..."

सिस्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तो प्रश्न विचारणं गुन्हा आहे. मी नोकरीत असतानाही कुणाला विचारू दिला नाही."

"मग हिशोबात काय धरता?"

"दोन्ही निम्मं निम्मं धरते," म्हणाल्या. आणि त्यांनी खरंच अधिक पन्नास, उणे पन्नास असं लिहून दोन्हींवर काट मारली.

त्या दिवसापासून नवऱ्याचं नाव 'वडील' झालं. "वडील, कचरा खाली न्या." "वडील, गॅलरीत सिगरेट ओढलीत तर उणे पन्नास." तो कॉटन ग्रीनला औषधांच्या गोदामात कामाला. दिवसभर खोकी उचलतो, आपल्याला वजनातलं कळतं अशी त्याची समजूत होती. सिस्टरांनी उशीच्या अभ्र्यात बरोबर अडीच किलो तांदूळ भरले, तोंड शिवलं आणि रविवारी सकाळी त्याच्या हातात दिलं. "आज दिवसभर हे तुमच्याकडे. मानेखाली हात. खाली ठेवायचं नाही."

"याला मान कुठे आहे?"

"शिवलंय ते टोक मान."

तो तसाच न्हाव्याकडे गेला. न्हाव्यानं काही न विचारता पिशवीवरही टॉवेल घातला. येताना वडापावच्या गाडीवर थांबला आणि पिशवी तिथेच विसरून घरी आला. सिस्टर दारातच उभ्या होत्या.

"बाळ कुठे आहे?"

नवरा चार मजले उतरून धावला. वडापाववाल्यानं पिशवी उन्हातून उचलून सावलीत ठेवली होती. परत आल्यावर सिस्टरांनी पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "दोन चारशे साठ. शिवण उसवलीय. चाळीस ग्रॅम पोर रस्त्यात सांडलंत तुम्ही, वडील."

माझी परीक्षा रोज सकाळी होती. डॉक्टरांनी रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मी त्या न चुकता घेत होते. तरीही पाचव्या महिन्यात रक्त काही वाढलेलं दिसेना. आठच्या आसपासच रेंगाळत होतं. सिस्टरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गोळी तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला, तोच त्यांनी माझ्या हातून कप काढून घेतला.

"किती दिवस चहाबरोबर घेतेस?"

"पहिल्यापासून."

त्या भिंतीला टेकल्या. "अगं, चहा आणि लोहाची गोळी म्हणजे सासू आणि सून. एका पेल्यात ठेवायच्या नाहीत. चहा आत गेला की तो लोह अंगी लागू देत नाही." दुसऱ्या दिवसापासून गोळी उठल्या उठल्या, लिंबाच्या सरबताबरोबर, आणि चहा मोजून दोन तासांनी. सरबत त्या स्वतः करून आणायच्या आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. "तोंड उघड. जीभ वर." असं लेबर रूममध्ये सांगतात का, ते मला माहीत नाही. पण मी उघडायचे.

आणि खरी सासू दर गुरुवारी सकाळीच लालबागहून यायची. सासूबाई मालवणच्या. पदराच्या टोकाला मशेरीची डबी बांधलेली. त्यांचं मत सिस्टरांच्या बरोबर उलट. पोटुशीनं बेताचं खावं, म्हणजे पोर लहान राहतं आणि बाळंतपण सोपं होतं. सिस्टरांनी मला दिलेली लाडवांची वाटी त्यांनी एकदा अर्धी करून परत ठेवली आणि युद्ध सुरू झालं.

"तुम्ही तिचा घास का काढता?" सिस्टर गॅलरीतून.

"पोर मोठा झाला तर अडकात," सासूबाई आतून. "माका तीन झाली. मी सातव्यापासून अर्धी भाकरी खायतंय. कसलो त्रास नाय."

"आणि मशेरी?"

"ती कशाक सोडू? तिनंच तर सोबत केली."

सिस्टर आत आल्या आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "धाकट्याचं वजन किती भरलं होतं? वडिलांचं?"

सासूबाईंनी आठवून सांगितलं. "दोन शंभर असा कायतरी."

सिस्टरांनी हळूच मान वळवून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बनियनवर, वर्तमानपत्र वाचत बसलेला. "दोन शंभर," त्या पुटपुटल्या, जणू त्याचं आयुष्य आता त्यांना कळलं होतं. "म्हणून पिशवी विसरता." मग सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. अर्धी भाकरी आणि मशेरी, दोन्हींनी बाळ आतल्या आत उपाशी राहतं. वाचलं ते तुमच्या नशिबानं."

सासूबाई त्या दिवशी लवकर निघाल्या. पुढच्या गुरुवारी आल्या त्या डिंकाच्या लाडवांचा डबा आणि खापरोळ्या घेऊन. मशेरी त्यांनी सोडली नाही, पण आमच्याकडे आल्या की डबी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर ठेवून वर यायच्या. सिस्टरांनी डबा हातात घेतला. "एक तीनशे," म्हणाल्या. हेच त्यांचं आभार मानणं.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, बाळाची वाढ थोडी मागे आहे. घाबरायचं कारण नाही, पण आराम करा, उभ्याचं काम कमी करा.

मी दादरला एका साडीच्या दुकानात कामाला होते. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, आणि सगळा वेळ उभी. दुकानाचा नियम होता, गिऱ्हाईक दुकानात असताना विकणाऱ्या मुलीनं बसायचं नाही. आणि दादरला गिऱ्हाईक नसतं कधी? मी मालकांना सांगून बघितलं. ते वाईट नव्हते. "नियम एकीसाठी मोडला तर सगळ्या बसतील," एवढंच म्हणाले. नोकरी सोडायची तर खोली सोडावी लागली असती. त्या रात्री माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. जिन्यावर बसून मी रडले. सिस्टर माझ्या शेजारच्या पायरीवर बसल्या. त्यांनी माझी पावलं दाबून पाहिली, बोटाचा खळगा किती वेळ राहतो ते बघितलं, आणि विचारलं, "दुकान कुठे आहे म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता त्या दुकानात शिरल्या. ठेवणीतलं पांढरं पातळ, हातात पर्स. माझ्याकडे असं पाहिलं की ओळखदेख नाही.

"बाई, इरकल दाखवा."

मी दाखवू लागले. त्यांना स्टूल दिलं होतं. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला. "हे बघा, तुम्ही उभ्या, मी बसलेली. वर बघून माझी मान दुखते. मला चक्कर येते. यांना स्टूल द्या."

मॅनेजर म्हणाला, "आजी, तसा नियम नाही."

"मग मला चक्कर आली तर कुठल्या नियमात बसते?"

स्टूल आलं. मी बसले. सिस्टरांनी पुढचा एक तास इरकली बघितल्या. वरच्या फळीवरच्या साड्या काढायला त्या मॅनेजरला सांगायच्या. "तुम्ही उंच आहात, तुम्ही काढा." प्रत्येक साडीचा काठ अंगठ्यानं घासायच्या आणि नाक मुरडायच्या. चार वाजता उठल्या. "विचार करून उद्या येते."

त्या उद्या आल्या. परवाही आल्या. नारायणपेठ, मंगळगिरी, गढवाल, सगळं झालं. रोज तीन ते चार, मी स्टुलावर. चौथ्या दिवशी त्यांच्याबरोबर सासूबाई आल्या, म्हणजे एक तासाचे दोन तास झाले. दोघी एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या शेजारी बसून एकाच साडीवर भांडत होत्या. सासूबाईंना नाटक जमत नव्हतं. त्या मधेच मला "बाय, पाणी पिलंस काय?" असं विचारायच्या आणि सिस्टर त्यांना कोपरानं ढोसायच्या. आजूबाजूची गिऱ्हाईकं सिस्टरांना सल्ला विचारायला लागली. "या रंगात तुम्ही दोन किलोनं जास्त दिसता," असं त्या सांगायच्या आणि ते खरं असायचं, त्यामुळे दोन साड्या परत गेल्या.

आठव्या दिवशी मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आले. पन्नाशीचे, चांगलेच अवजड, शर्टाची बटणं ताणलेली. "आजी, रोज येता, घेत काहीच नाही. दुकानातल्या मुलीचे रोज दोन-दोन तास जातात."

सिस्टरांनी चष्मा सरळ केला. मालकांच्या उजव्या कानाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. कानाच्या पाळीला जन्मापासून एक खाच होती.

"एक नऊशे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू एक नऊशे होतास. आठव्या महिन्यात आलास. तुझी आई इथेच उभी राहायची ना? तुझे आजोबा बसायचे गल्ल्यावर आणि सून काउंटरला. तिला आणली तेव्हा पाय भाकरीसारखे फुगलेले. दिवसभर उभी असते म्हणाली. तुला मी कापसात गुंडाळून तिच्या छातीवर बांधलं होतं. अठरा दिवस."

दुकानात इरकलीची घडी कुणी पूर्ण करेना. मालकांनी हळूच कानाला हात लावला. "आई सांगायची एका सिस्टरचं," ते म्हणाले.

"आता किती आहेस?"

"एकशे चार."

"भरून काढलंस," सिस्टर म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बोट करून, "हिचं सातव्यात आहे. वाढ मागे आहे. मी काही साडी घ्यायला आलेली नाही, हे तुला कळलं असेलच."

मालक आत गेले. दुसऱ्या दिवशी काउंटरमागे चार स्टुलं होती, प्रत्येक मुलीला एक. घाईत आणलेली, बुटकी. बसलं की काउंटरवरून आमची फक्त डोकी दिसायची. गिऱ्हाईकं वाकून विचारायची, कुणी आहे का. पण आम्ही बसलेल्या होतो. दुपारी अर्धा तास आतल्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यांवर मी डाव्या कुशीवर आडवीही व्हायचे. उठले की सिस्टरांना फोन करून 'झाले आडवी' असं सांगायचं, ही अट होती.

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला सिस्टरांनी कॅलेंडरच्या पानाखाली रेघ मारली आणि आकडा जाहीर केला. दोन सहाशे. वाडीभर सांगितला. हवालदारालाही सांगितला.

मुलगी झाली, सकाळी साडेअकराला, हॉस्पिटलमध्ये. नर्सनं वजन सांगितलं, तेव्हा मी अर्धवट गुंगीत होते. भेटीच्या वेळेला, चारला, सगळे आले. सिस्टर पुढे झाल्या, हात धुतले, बाळ उचललं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचा चेहरा पडला.

"दोन आठशे पन्नास," त्या म्हणाल्या.

"बरोबर," नर्स म्हणाली.

सासूबाईंनी हात जोडले, नवऱ्यानं डोळे पुसले. सिस्टरांनी बाळ माझ्या कुशीत ठेवलं आणि म्हणाल्या, "माझा हिशोब दोन सहाशेचा होता." आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साखरेची एक किलोची तीन बंद पाकिटं घेऊन वॉर्डात आल्या आणि हॉस्पिटलचा काटा तपासला. तिथल्या दोन नर्सेस त्यांच्या हाताखाली शिकलेल्या होत्या, म्हणून कुणी अडवलं नाही. काटा बरोबर होता. मग त्या माझ्या पलंगाशी बसल्या आणि चौकशी सुरू केली. मी चोरून काही खाल्लं का. पाळीची तारीख सांगताना चुकले का. माझ्या आईनं माझं जन्मवजन खरं सांगितलं का. प्रभादेवीला आईला पुन्हा फोन झाला. आई म्हणाली, दोन चारशेच, डिस्चार्ज कार्ड आहे. घरी आल्यावरही तेच. बाळ रडलं की त्या धावत यायच्या, गप्प करायच्या, आणि तिच्याकडे नापास पेपरकडे बघावं तशा बघायच्या. भिंतीपलीकडून सकाळचे आकडे येणं बंद झालं होतं. हात चुकला नव्हता, हे मी त्यांना चारदा सांगितलं. त्या म्हणायच्या, "हात नाही गं. डोकं चुकलं. अडीचशे ग्रॅम. एवढं मी कधी चुकले नाही." मला खरोखर काळजी वाटायला लागली. त्या जेवत नव्हत्या.

बारशाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर सिस्टर आमच्या खोलीत कोपऱ्यात ते कॅलेंडरचं पान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सासूबाई भांडी आवरत होत्या. त्यांनी हात पुसले, पान उचललं, खिडकीशी नेऊन बोट ठेवत वाचलं. सातवीपर्यंत शिकल्या होत्या.

"ह्या काय?" त्यांनी विचारलं. "उभं राहणं, उणे दीडशे."

"दुकानात दिवसभर उभी असायची ना ती," सिस्टर थकून म्हणाल्या.

"आणि ह्या? रक्त कमी, चहा, उणे शंभर."

"हो."

"दोनय मिळान किती?"

"अडीचशे."

सासूबाई पान घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "सिस्टर, ती उभी खंय रवली? तुमीच तिका बसवलात. चहाचो कप तुमीच काढून घेतलात. सगळ्यांका धरलात ह्याच्यात. माका धरलात, झिलाक धरलात, त्याच्या सिगरेटीक धरलात. फक्त आपणाक धरूक इसारलात."

सिस्टरांनी पान परत मांडीवर घेतलं. मग त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि ती दोन्ही उणी खोडली. खाली नवी बेरीज केली. पुन्हा एकदा केली. नाक ओढलं, चष्मा पुसला.

"वजाबाकीची चूक होती," त्या म्हणाल्या. "वाढा मला काहीतरी."

सासूबाईंनी त्यांना ताट वाढलं. त्या दोन ताटं जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून सकाळी सहाला "डबा, नऊशे दहा" ऐकू आलं. माझी मुलगी दचकून उठली.

सहा महिन्यांनी मी कामावर परत गेले. बाळ लालबागला जावेकडे ठेवलं होतं, मन तिकडेच होतं. दुपारी तीन वाजता दुकानाचं काचेचं दार उघडलं आणि सिस्टर आत आल्या. मला वाटलं, पहिला दिवस म्हणून मला बघायला आल्या. डोळे भरून आले. मी माझं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसणार, तोच त्यांनी हातानं थांबवलं.

"तू कशाला बसतेस? तुझं झालं."

त्यांच्या मागे दुकानातली नवी मुलगी येऊन उभी राहिली, चार स्टुलांत तिचं अजून नव्हतं. आठवड्यापूर्वी तिला पाचवा महिना लागला होता, ते तिनं दुकानात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं; सिस्टरांनी कशावरून ओळखलं, देव जाणे. सिस्टरांनी तिला माझ्या स्टुलावर बसवलं, तिची नाडी बघितल्यासारखा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या,

"उभी काय राहिलीस? वरच्या फळीवरच्या गढवाल काढ. सगळ्या."

मी शिडी लावली.